सव्वाचार इंच

१७ ऑगस्ट १९८६, रविवार. ओडेसा, टेक्सस

टाक्यांच्या नोंदवहीची मागची पानं कोरीच राहतात, म्हणून इथे लिहायला घेतलंय. दहावीत शाळा सोडली, त्यानंतर आकड्यांशिवाय काही लिहिलेलं नाही. किती दिवस टिकेल बघू. माझं काहीच टिकत नाही असं मॉम म्हणते.

कारण म्हणजे ऑर्व्हलशी झालेलं भांडण. ऑर्व्हल टिडवेल माझ्याबरोबर तेलाच्या टाक्या मोजतो. पन्नाशीचा आहे, गालात कायम तंबाखू. परवा मी सहज म्हटलं, व्यावसायिक फुटबॉलमधली आजवरची सगळ्यात भक्कम बचावफळी आमच्या पोर्ट मॅलरीच्या मरिनर्सची. अठ्ठावन्न ते साठ, तीन वर्षं. सगळं ओहायो त्यांना 'बांध' म्हणायचं, सरोवराच्या लाटा अडवतो तसला बांध. सामन्यामागे साडेदहा गुणसुद्धा द्यायचे नाहीत कुणाला.

ऑर्व्हल थुंकला. मी उत्तरेकडचा म्हणून तो मला यांकीच म्हणतो. "यांकी, त्या काळात कोण कुणाला गुण देत होतं? माझ्या आजीनंसुद्धा त्यांना दहावर रोखलं असतं."

"तुझी आजी वारलीय ना?"

"हो. तरीसुद्धा."

तेव्हापासून डोकं तापलंय. उत्तर सुचत नाही आणि ऑर्व्हल टाकीचा जिना चढता-उतरता हसतोय.

२४ ऑगस्ट, रविवार

उत्तर टाकीवरच सापडलं. टाकीत टेप सोडला की जो आकडा दिसतो तो खरा नसतो. उन्हात तेल फुगतं. आत थर्मामीटर सोडायचा, तक्ता बघायचा आणि साठ अंश फॅरनहाइटवर हेच तेल किती भरलं असतं ते काढायचं. ऑर्व्हलनंच शिकवलंय. मग बांधाचे साडेदहा गुण म्हणजे नुसता टेपचा आकडा. समोरची टीम एरवी, इतरांशी खेळताना किती गुण करायची ते काढायचं, त्यातून आमच्याशी केलेले वजा करायचे. उरेल तेवढी बांधाची खरी ताकद. सगळा काळच कमी गुणांचा असला तरी काही बिघडत नाही, कारण तो दोन्हीकडे सारखाच कमी.

ऑर्व्हलला सांगितलं. म्हणाला, "अरेच्चा, तुझ्या डोक्यात भुसा नाही तर!" मग म्हणाला, "पण तुमच्याकडचा वारा आणि चिखल, तो कुठल्या तक्त्यात बघणार?" त्याला काहीतरी बोलायचंच असतं.

७ सप्टेंबर, रविवार

वाचनालयातल्या मिसेस एस्कामिया फार चांगल्या आहेत. त्यांनी पोर्ट मॅलरीच्या जुन्या वर्तमानपत्राच्या फिल्मची रिळं ओहायोहून मागवली. त्या काळी सोमवारच्या अंकात रविवारच्या सामन्याची चाल न् चाल छापून यायची. रविवारी दुपारी एक ते पाच यंत्रात डोकं घालून बसतो.

त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही. म्हणाल्या, "ही माणसं सारखी थांबून मोजतात काय?"

मी सांगितलं, चार खेपांत दहा यार्ड पुढे गेलात तर चेंडू तुमच्याकडेच राहतो, नाही तर समोरच्याला द्यावा लागतो. गेलात की नाही ते दोन काठ्या आणि मध्ये दहा यार्डांची साखळी लावून बघतात. "माझे वडील पुढची काठी धरायचे," मी म्हटलं. "मरिनर्सच्या घरच्या प्रत्येक सामन्याला. आठवडाभर खनिजाच्या धक्क्यावर आणि रविवारी मैदानात."

"म्हणजे न्यायाधीशच!" त्या म्हणाल्या.

मी हसलो, पण बरं वाटलं. पॉपला तसंच वाटायचं. रविवारी तो चर्चचेच बूट घालून मैदानात उतरायचा. टीम त्रेसष्टला दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा साखळी गावातल्या शाळेला दिली. धक्का बंद पडल्यापासून पॉपला दुसरं काम नाही, पण दर शुक्रवारी शाळेच्या सामन्याला काठी त्याच्याच हातात.

आज वाचताना लेस्टर क्विल सारखा भेटत होता. आमचा चढाईतला धिप्पाड गडी. काही इंचच हवे असले की चेंडू त्याच्याकडे, आणि दर वेळी थोडक्यात राहायचा. गाव त्याला 'थोडक्यात लेस्टर' म्हणतं. साठ साली टीममधून काढला, मग शाळेची बस चालवायचा. पॉपचा जिवलग मित्र. दर शनिवारी दोघं धक्क्यावर गळ टाकून बसतात आणि लेस्टरचा मासा निसटला की पॉप दोन्ही हातांनी अंतर दाखवून ओरडतो, "थोडक्यात!" पॉप म्हणतो माणूस सोन्यासारखा, पण शेवटच्या पावलाला कच खायचा.

२१ सप्टेंबर, रविवार

झालं! छत्तीस सामने. समोरच्या टीमा इतरांशी सरासरी एकोणीस पूर्णांक एक गुण करायच्या, आमच्याशी दहा पूर्णांक चार. म्हणजे बांध सामन्यामागे आठ पूर्णांक सात गुण गिळायचा. गाजलेल्या आणखी चार बचावफळ्यांचेही आकडे काढले. सगळ्यात जवळची आठ पूर्णांक एकवर अडली. बांध पहिला!

लगेच घरी फोन केला. पॉपनं आकडा दोनदा म्हणून घेतला. मग म्हणाला, "नोव्हेंबरात जुन्या खेळाडूंचा मेळावा आहे. या वेळी साखळीवाल्यांनाही बोलावलंय, रॉली. वरच्या टेबलावर. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा."

"वा! लेस्टर येतोय?"

"नाही म्हणतो. मी ओढून नेणार. तू येशील?"

मी म्हटलं, सुट्टीचं बघतो. खरं तर विचारलं तर मिळेल. पण वर्षभर फक्त टाक्या मोजल्या असं सांगायला घरी जायचं?

५ ऑक्टोबर, रविवार

आकडे पूर्ण झाले की मला करमत नाही. म्हणून घरचे सामने आणि बाहेरचे वेगळे काढले, आणि एक विचित्र गोष्ट दिसली. बाहेर दोन्ही टीमांचे मिळून सरासरी अडतीस गुण. घरी फक्त पंचवीस. बांध घरी जास्तच घट्ट, हे समजू शकतो. पण आपली चढाईसुद्धा घरीच का ढेपाळायची कोण जाणे. ते असो.

ऑर्व्हलला विचारलं. तो परत वारा आणि चिखलावर आला. पण मागच्या आठवड्यात त्याच्या टेपला पीळ बसला होता आणि सहा टाक्या चुकल्या होत्या. सगळ्याच टाक्या एकाच बाजूला चुकत असतील तर आधी टेप तपास, असं तोच म्हणतो.

म्हणून दुपारी फोनवर सहज विचारलं, "पॉप, तुमची साखळी कधी तुटली होती का?"

पॉप खूश. "एकदाच! सत्तावन्नचा नोव्हेंबर. थंडीनं लोखंड काचेसारखं झालेलं, त्यात एक धटिंगण येऊन काठीवर कोसळला. खटकन कडी तुटली. मालक म्हणाला नवीन घेऊ. मी म्हटलं, मी कशाला आहे? दुसऱ्या दिवशी धक्क्यावरच्या लोहारखान्यात नेली. खनिजाच्या बादल्या ओढायच्या साखळीची एक कडी बसवली. आजही तीच आहे. बाकी सगळी झिजेल, ती कडी झिजायची नाही."

"केवढी आहे ती कडी?"

"असेल की तळहाताएवढी."

"आणि तुटलेली?"

"ती काय, अशी..."

मग आवाजच नाही. मला वाटलं फोन कटला.

"पॉप?"

"तुझी मॉम हाक मारतेय," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मॉम या वेळेला चर्चच्या भाजीविक्रीत असते.

७ ऑक्टोबर, मंगळवार

झोप नाही. तळहाताएवढी कडी, म्हणजे चार-पाच इंच जादा. तीन वर्षं गावातल्या प्रत्येक सामन्यात दहा यार्ड म्हणजे दहा यार्ड आणि वर काही. चुन्याची रेघच चार इंच रुंद असते, कुणाच्या लक्षात यायचं? पंच येऊन साखळी ताणून बघत, सरळ आहे ना, बस. मोजलं कुणी नाही.

आणि हे तीस वर्षांत फक्त मला सापडलं. मला, ज्याला गणितात दोनदा बसवलं त्याला!

कॅन्ससचा एक दातांचा डॉक्टर जुन्या फुटबॉलच्या शौकिनांसाठी पत्रक काढतो. वाचनालयात येतं. त्याला दोन पानं लिहून टाकली. घरचे सामने वगळून नुसते बाहेरचे धरले तर बांध पहिला नाही, तिसरा येतो. का, तर साखळी लांब होती. पॉपचं नाव घातलेलं नाही.

टाकू की नको असं वाटत होतं. टपालपेटीपाशी उभा राहिलो. मग टाकलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

डॉक्टरचं उत्तर: 'दहा वर्षांत इतकं कुतूहलाचं काही छापलेलं नाही.' हे वाक्य मी आठ-दहा वेळा वाचलं असेल.

घरी फोन केला. पॉप फोनवर आला नाही. मॉम म्हणाली, "गॅरेजमध्ये आहे. शाळेची साखळी घरी आणलीय, तेल घालायला म्हणे. दोन दिवस झाले घालतोय."

२ नोव्हेंबर, रविवार

पॉप आजही आला नाही. मॉम म्हणाली मेळाव्यासाठी कोट धुवून आणलाय, पण घालून बघ म्हटलं तर चिडतो. म्हातारपणात माणसं लहरी होतात.

९ नोव्हेंबर, रविवार

पत्रक आलं. पान तीन. 'रॉ. बेंको, ओडेसा.' मिसेस एस्कामियांनी सूचनाफलकावर लावलं. ऑर्व्हलनं तंबाखू थुंकून वाचलं आणि विचारलं, "ही साखळी कोण धरायचं?"

"माझे वडील."

त्यानं पान परत एकदा वाचलं. मग म्हणाला, "त्यांना दाखवलंस?"

"तिकडे कोण वाचतंय हे पत्रक," मी म्हटलं.

"यांकी," तो म्हणाला, "तुझ्या डोक्यात भुसाच आहे."

१६ नोव्हेंबर, रविवार

मॉमचा फोन. ती जे बोलली ते जमेल तसं लिहून ठेवतो.

काल स्लोव्हाक क्लबच्या हॉलमध्ये मेळावा. पॉप वरच्या टेबलावर, शेजारी लेस्टर क्विल. पॉपनं त्याला खरंच ओढून नेलं होतं. हे सगळं कळायच्या आधी शब्द दिला होता, मग फिरवता येईना. जेवण झाल्यावर बांधाचा कप्तान ड्यूई स्ट्रॅक उठला. त्याच्या हातात पत्रक. हसत हसत वाचायला लागला, "ऐका रे, टेक्ससमधून कुणी महाभाग लिहितोय, आपली साखळी म्हणे लांब होती! बेंको. ए ऑगी, हा तुझाच दिवटा ना?"

सगळा हॉल हसला. कुणी पाव फेकून मारला पॉपला.

पॉप उभा राहिला. मॉम म्हणाली, तिला वाटलं तोही काही गंमत करणार.

"पोरानं खरं लिहिलंय," तो म्हणाला. "सव्वाचार इंच. मी मोजली. ती कडी मीच घातली होती."

"बस रे खाली!" स्ट्रॅक म्हणाला. "आम्ही त्यांना नऊ यार्डांवरच लोळवायचो. तुझ्या इंचांची कुणाला गरज होती?" परत हशा, टाळ्या. कुणालाही राग नाही. बांधवाले पॉपच्या पाठीवर थापा मारत होते.

लेस्टर क्विलनं काटा ताटात ठेवला, टोपी घेतली आणि चालत बाहेर गेला.

"चिडला होता का?" मी विचारलं.

"नाही रे," मॉम म्हणाली. "चिडला असता तर बरं झालं असतं."

मी तिला विचारलं, पॉप काय म्हणतोय माझ्याबद्दल. ती म्हणाली, "तुझ्याबद्दल काहीच नाही म्हणाला. तुला काय वाटतं, हे सगळं तुझ्याबद्दल आहे?"

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटे उठून बसलो. जे आधी करायला हवं होतं ते आज केलं. तीन वर्षांत घरच्या सामन्यांत समोरच्या टीमा सव्वाचार इंचांच्या आत किती वेळा अडल्या? दोन. छापून आलेल्या सगळ्या चालींत फक्त दोन. त्या दोन्ही वेळा त्यांनी पुढे जाऊन गुण केले असते असं धरलं तरी सामन्यामागे अर्धा गुणसुद्धा होत नाही. घरचं आणि बाहेरचं बाकी सगळं अंतर वाऱ्याचं आणि चिखलाचं. आठ पूर्णांक सातचे आठ पूर्णांक तीन होतात. दुसरा आठ पूर्णांक एकवर आहे.

बांध अजूनही पहिलाच! मी सगळं खोटं छापलं.

आज रविवार नव्हता तरी फोन केला. पॉप आला.

"पॉप, अर्ध्या गुणाच्या आत! ऐकतोयस? तुझ्या साखळीनं बांधाला काहीसुद्धा फरक पडत नाही. मी दुरुस्ती छापायला पाठवतोय. पहिलाच आहे बांध."

तो म्हणाला, "मी बांधाचं विचारलं का तुला?"

मला काही कळेना.

"इंचभर हवा असला की समोरच्या टीमा चेंडू लाथाडून आम्हाला देऊन टाकायच्या," तो म्हणाला. "आमचा प्रशिक्षक हट्टी. तो दर वेळी लेस्टरला पाठवायचा. घरी, सगळ्या गावासमोर. लेस्टर उठून बघायचा माझ्याकडे. मी काठी ताणून धरलेली. बोटं अशी करून दाखवायचो त्याला, किती राहिलं ते. लोक हसायचे, मीही हसायचो. आणि पुढे पंचवीस वर्षं दर शनिवारी हसलो."

फोन ठेवल्यावर माझी सप्टेंबर-ऑक्टोबरातली पानं वाचली. मीच लिहिलंय, 'दर वेळी थोडक्यात राहायचा'. मीच लिहिलंय, 'ते असो'. सगळं माझ्याच अक्षरात आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

पॉपनं शाळेची काठी सोडली. मुख्याध्यापक घरी येऊन गेले, कडी बदलली म्हणाले, आता ठीक आहे म्हणाले. पॉप म्हणाला, साखळी ठीक आहे. शनिवारी तो धक्क्यावर गेला होता. मॉम म्हणाली जेवणाचे दोन डबे घेऊन गेला, एक लेस्टरचा, आणि दोन्ही तसेच भरलेले परत आणले.

सुट्टी मागितली. नाताळपर्यंत नाही म्हणतात. सप्टेंबरात मिळाली असती.

३० नोव्हेंबर, रविवार

आज पॉपनं स्वतः फोन केला.

"तुझ्याकडे ती वर्तमानपत्रं आहेत ना अजून?"

"आहेत."

"मग लेस्टरचं मोज. किती वेळा झालं असतं त्याचं. मला ठोकताळा नको. तारीख, सामना, कितीनं राहिला. नीट अक्षरात लिही. तुझं अक्षर कोंबडीसारखं आहे."

इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा माझ्याशी पूर्वीसारखं बोलला. कोंबडी चालेल.

७ डिसेंबर, रविवार

रिळं परत पाठवायची मुदत संपली होती. मिसेस एस्कामियांनी काही विचारलं नाही, नुसत्या आणून दिल्या. एका कोऱ्या कागदावर पट्टीनं रकाने आखले. तारीख, समोरची टीम, किती राहिलं, पुरावा. घरच्या सामन्यांत लेस्टर एकूण अकरा वेळा थोडक्यात राहिला. त्यातले चार फूटभर किंवा जास्त, ते त्याचेच. उरलेले: 'तळहाताच्या रुंदीनं', 'दोन बोटांनी', 'चेंडूचं टोक पोचलं नाही'. सात. बरोबर दहा यार्डांची साखळी असती तर सात वेळा पंचाचा हात पुढे गेला असता, चेंडू आमच्याकडेच राहिला असता.

सोळा ऑक्टोबर साठ, शेवटच्या मिनिटाला, दोन बोटांनी. त्याच आठवड्यात त्याला काढलं. त्या अंकात त्याचा फोटो आहे. गुडघ्यांवर बसून साखळीकडे बघतोय. फोटोच्या कडेला एक काठी आणि चर्चचे बूट दिसतात.

कागद तीनदा लिहिला. तिसरा पाठवला.

२१ डिसेंबर, रविवार

पॉपचा फोन.

"गेलो होतो लेस्टरकडे. दार पूर्ण उघडलं नाही त्यानं. जाळीच्या दारातूनच कागद घेतला. चष्मा आणायला आत गेला, मला वाटलं येतच नाही आता. आला. उभ्यानंच वाचला."

"मग?"

"म्हणाला, 'आठ.'"

"काय आठ?"

"तेच मी विचारलं. म्हणाला, 'सात नाही ऑगी, आठ.' आणि दार लावून घेतलं. कागद ठेवून घेतला मात्र." पॉप खोकला. "आहे का रे आठवा?"

मी वही काढली. घरचा एक सामना माझ्याकडे नव्हताच. अकरा ऑक्टोबर एकोणसाठ. त्या आठवड्यात छापखान्यात संप होता, नऊ दिवस वर्तमानपत्र निघालं नाही. मी गुण तेवढे दुसरीकडून घेतले होते. त्या दिवशीच्या चाली कुठेच छापलेल्या नाहीत.

"मी होतो तिथे," पॉप म्हणाला. "काठी माझ्याच हातात होती. चार दिवस आठवतोय, रॉली. मला नाही आठवत."

त्याच्याकडचं घड्याळ ऐकू येत होतं.

"आठ लिही," तो म्हणाला.

माझ्याकडच्या प्रतीत सातावर काट मारली, आठ केलं, खाली नवी ओळ घातली. तारीख लिहिली. समोरची टीम लिहिली. किती राहिलं, तो रकाना कोरा ठेवला. पुराव्याच्या रकान्यापाशी बराच वेळ पेन्सिल धरून बसलो. शेवटी लिहिलं, लेस्टर क्विल.